पुण्याबाहेर जाणारे आणि जेवायला परत येणारे रस्ते

पुण्यातून आसपासच्या खेड्यांकडे जाणाऱ्या सायकलमार्गांचे वर्गीकरण तीन प्रकारे करता येते. भूगोलाचे लोक ते दिशांवरून करतात, बांधकाम खाते रस्त्यांच्या क्रमांकांवरून करते आणि सायकलस्वार नाश्त्यावरून करतात. यांतली तिसरी पद्धत सर्वाधिक रूढ आहे. रविवारी सायकल हाणून आलेल्या माणसाला कुठे गेला होता असे विचारले, तर तो सासवड, पानशेत किंवा पौड असे उत्तर देतो. तिथे काय पाहिले असे विचारले, तर उत्तर बहुधा मिसळ असे येते. प्रस्तुत लेखात सोयीसाठी दिशांचा क्रम धरला आहे, पण नाश्त्याकडे दुर्लक्ष करून हा विषय पुढे सरकत नाही.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. एवढी उंची फुकटात मिळालेली असल्यामुळे पुढचे चढ सोपे जातील असा काहींचा समज असतो. तो पहिल्याच रविवारी दूर होतो. शहर एका खोलगट बशीत बसले आहे. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग आहे. तिच्यातून फुटलेली सिंहगड-भुलेश्वर रांग शहराच्या दक्षिणेकडून पूर्वेला जाते. कात्रज, बोपदेव आणि दिवे हे तिन्ही घाट याच रांगेवरून पलीकडे उतरतात. कोणता घाट सर्वांत अवघड यावर शहरात वर्षानुवर्षे तीन पक्ष भांडत आहेत. डोंगर मात्र तिघांचा एकच आहे.

पूर्वी या रस्त्यांवर सायकली उलट दिशेने धावत. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून आसपासच्या गावांतले लोक पहाटे शहरात येत आणि दूध घालून उन्हे चढायच्या आत परतत. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत ते याच काळात. तेव्हा सायकलीला पालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे आणि डबलसीट दिसले की पोलीस शिट्टी मारी. पुढे दूधवाल्याने मोटारसायकल घेतली, कामगाराने स्कूटर घेतली आणि सायकल गरिबीची खूण म्हणून अडगळीत गेली. काही वर्षांनी ती पुन्हा बाहेर आली, तेव्हा तिचे वजन निम्मे आणि किंमत कैकपट झाली होती. ज्या रस्त्याने दूध आत येत असे, त्याच रस्त्याने आता बिनदुधाची कॉफी पिणारा माणूस बाहेर जातो. त्या जुन्या काळ्या सायकली पाहायच्या असतील, तर कर्वेनगरात त्यांचे एक चांगले संग्रहालय आहे. तिथे जाणारे लोक बहुतेक मोटारीने येतात.

कोणत्याही मार्गाचा सर्वांत खडतर टप्पा म्हणजे शहरातले पहिले दहा किलोमीटर. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बीआरटीचा मार्ग सुरू झाला आणि त्या निमित्ताने रस्त्याकडेला सायकलींसाठी वेगळ्या पट्ट्याही आखण्यात आल्या. या पट्ट्यांचा उपयोग पुढे भाजीच्या हातगाड्या, दुकानांच्या पाट्या आणि उभ्या मोटारी यांनी करून घेतला. क्वचित तिथे सायकलही दिसते, स्टँडवर लावलेली. वाहतुकीतून सुटण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे वाहतूक उठायच्या आधी निघणे. म्हणून जमण्याची वेळ पहाटे साडेपाचची ठरते. साडेपाचला "निघालोच" असा निरोप आला, तर निरोप देणारा अंथरुणातून निघाला आहे असा अर्थ घ्यावा. सहा वाजता सगळे जमतात. मग एकाच्या चाकात हवा कमी आहे हे लक्षात येते. पंप आणलेला माणूस पुढे निघून गेलेला असतो.

दक्षिणेकडचा कात्रजचा मार्ग नवशिक्यांना दीक्षा देण्याचा मानला जातो. महामार्गाची वाहने हल्ली नव्या बोगद्यांतून जातात. सायकलस्वार जुन्या घाटाने चढतो आणि माथ्यावरच्या जुन्या बोगद्यातून पलीकडे शिंदेवाडीच्या बाजूला निघतो. चढ फार तीव्र नाही. नेमकी हीच त्याची अडचण आहे, कारण इथे धापा टाकल्या तर त्याला सबळ कारण देता येत नाही. पुढे खेड शिवापूरला टोलनाका लागतो. मोटारी रांगेत ताटकळत असताना कडेने पुढे जाणे हे सायकलीच्या मालकीतले एक शुद्ध सुख आहे. सायकलीला टोल नाही. महागड्या सायकलीच्या खरेदीचे घरात समर्थन करताना या बचतीचा उल्लेख होतो असे म्हणतात. त्याही पुढे नसरापूरजवळ पेशवेकाळातले बनेश्वर आहे. झाडी, देऊळ आणि पावसाळ्यात धबधबा असा तिथला थाट असतो. तिथपर्यंत पोचलेल्यांनी बूट काढून दर्शन घ्यावे की नाही यावर विचार करावा लागतो, कारण काही सायकली बुटांचे तळवे पॅडललाच अडकवून ठेवणाऱ्या असतात आणि अशा बुटांनी देवळाच्या ओल्या फरशीवर चालणे घाटापेक्षा धोक्याचे आहे.

बोपदेव घाट कोंढवा-येवलेवाडीकडून चढतो. तो दिवे घाटापेक्षा आखूड आहे आणि चढाला जास्त उभा आहे. दिवे घाट लांब, रुंद आणि वळणांचा आहे. त्याच्या पायथ्याशी वडकीजवळ मस्तानी तलाव आहे. दोन्ही रस्ते सासवडला मिळतात, त्यामुळे एकाने चढून दुसऱ्याने उतरायचे असा फेरा करता येतो. कोणत्याने चढायचे हा प्रश्न चहाच्या टपरीवर सुटत नाही. दिवे घाटात एक गोष्ट मात्र सायकलस्वाराने लक्षात ठेवणे बरे. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच घाटाने सासवडला जाते. चढासाठी रथाला बैलांच्या जादा जोड्या लावाव्या लागतात, पण वारकऱ्यांना कोणी जादा काही देत नाही. सत्तरीची आजी डोक्यावर तुळस घेऊन, पायात साधी चप्पल घालून, अभंग म्हणत हा घाट चढते. म्हणजे तिचा श्वास गाण्यासाठीही पुरतो. बावीस गिअरच्या सायकलीवर हाच घाट चढून आलेला माणूस दहा मिनिटे बोलू शकत नाही. सासवड म्हणजे पुरंदरचे अंजीर, पेरू आणि सीताफळे यांचा बाजार. पाठीवरच्या छोट्या खिशात अंजिरे घालून दिवे घाट उतरणाऱ्यांच्या घरी रविवारी अंजिराचा मुरंबा पोचतो.

सिंहगडाचा मार्ग हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३१२ मीटर उंच आहे. खडकवासल्यावरून डोणज्याच्या बाजूने निघून, गोळेवाडीचा वनखात्याचा नाका ओलांडून गाडीरस्ता वर जातो आणि पायथ्यापासून सहाशे-साडेसहाशे मीटरची उंची चढवतो. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी रात्री कडा चढून हा गड घेतला. सायकलस्वार दिवसाउजेडी डांबरी रस्त्याने जातो आणि तरी मध्ये तीनदा फोटो काढायला थांबतो. फोटो हा थांबण्याचा सभ्य बहाणा आहे. चढावर थांबलेला माणूस दमलेला दिसतो, पण हातात मोबाइल असला की तो निसर्गप्रेमी दिसतो. शेवटच्या टप्प्यावर एखादी जीप बाजूने जाते आणि आतली लहान मुले "काका, धक्का देऊ का?" असे विचारतात. त्यांना उत्तर देण्याइतकी हवा छातीत नसल्यामुळे वाद होत नाहीत.

या चढाचा हिशेब कागदावर मांडता येतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले आणि ते ६५० मीटर उचलले, तर प्रत्यक्ष काम सुमारे सव्वाशे किलोकॅलरीचे होते. आपले स्नायू मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच कामाला लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे गड चढायला शरीराच्या पाचशेच्या आसपास किलोकॅलरी खर्च होतात. आता वरची बाजू. गडावर चुलीवरचे पिठले, दोन भाकऱ्या, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातले दही अशी मांडणी असते. पिठल्यावरचे तेल मोजणारा माणूस अजून गडावर चढलेला नाही, पण एका पूर्ण ताटाने हा खर्च सहज भरून निघतो आणि दुसऱ्या प्लेट भज्यांपासून शिल्लक सुरू होते. दर रविवारी नेमाने सिंहगड करणाऱ्या काही सायकलस्वारांचे वजन वर्षाअखेर वाढलेले आढळते, त्यामागचे शास्त्र एवढेच आहे. उतरताना पॅडल मारावे लागत नाही. फक्त ब्रेक दाबून बोटे दुखतात, त्यात काही जळत नाही.

गड नको असणाऱ्यांसाठी धरणाच्या पाण्याकडेने खानापूरवरून पानशेतला जाणारा रस्ता आहे. चढ-उतार लहान, सावली बरी, पाणी सतत दिसते. मात्र रविवारी दहानंतर खडकवासल्याच्या चौपाटीवर सारे शहर भाजलेली कणसे खायला उतरते. अशा वेळी सायकल हे वाहन नसून खांद्यावर घ्यायचे सामान होते.

पश्चिमेचा दरवाजा म्हणजे चांदणी चौक. इथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडला. ते पाहायला लोक रात्र जागून आले होते. त्यानंतर तिथे उड्डाणपुलांचे आणि वळणरस्त्यांचे जे जाळे तयार झाले, त्यात कोथरूडहून मुळशीकडे निघालेला माणूस एका चुकीच्या वळणाने साताऱ्याच्या दिशेला लागतो. सायकलस्वारांना यात विशेष तोटा नाही, कारण बऱ्याच जणांना कुठे जायचे हे तसेही नीट ठरलेले नसते. चौक सुटला की भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि पौड अशी गावे ओळीने येतात. पिरंगुटच्या कारखान्यांच्या बस आणि टेम्पो यांनी हा पट्टा हल्ली दाट केला आहे. पौडच्या पुढे रस्ता मोकळा होतो आणि मुळशीच्या जलाशयाकडे, पुढे ताम्हिणी घाटाकडे जातो. मुळशीचे पाणी फोटोत फार सुंदर येते. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले होते आणि त्यांची शेते या पाण्याखाली आहेत, हे फोटोखाली कोणी लिहीत नाही. पिरंगुटहून डावीकडे मुठा गावावरून टेमघर धरण आणि त्यावरचा लवासाचा घाट हा स्वतःला कसलेले समजणाऱ्यांचा मार्ग आहे. टेमघरनंतरचा चढ माणसाचा हा समज तपासून पाहतो.

उत्तरेबद्दल थोडक्यात सांगता येते. चाकणच्या बाजूला ट्रक आणि कंटेनर आहेत, आणि त्यांच्या मधल्या फटीत सायकल. देहू-आळंदीला जाता येते, पण अलीकडे तिथवर शहरच गेले आहे. मुंबईच्या द्रुतगती मार्गावर सायकलीला बंदी आहे, त्यामुळे लोणावळ्याला जुन्या महामार्गाने तळेगाव-कामशेतवरून जावे लागते. लोणावळ्याच्या पुढे खोपोलीकडे बोरघाट उतरता येतो. तो उतरून परत चढणाऱ्यांची संख्या, उतरणाऱ्यांच्या मानाने, लक्षात येण्याइतकी कमी असते.

पूर्वेकडचा सोलापूर रस्ता सपाट आहे. याच कारणाने त्याला प्रतिष्ठा नाही. लोणी काळभोरजवळचे रामदरा, अष्टविनायकांतले आणि माधवराव पेशव्यांच्या अखेरच्या दिवसांचे थेऊर अशी चांगली ठिकाणे हाताच्या अंतरावर असूनही घाट नसल्यामुळे तिथे गेलेला माणूस ते फारसे बोलून दाखवत नाही. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालतात. त्यांच्या मागे काही अंतर वाऱ्याचा आडोसा मिळतो. त्या बदल्यात डोक्यात उसाचे पाचट मिळते.

पूर्वेला खरा प्रश्न वाऱ्याचा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दिवस चढला की पुण्याच्या भागात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. सकाळी यवतकडे जाणाऱ्याला तो पाठीशी असतो आणि आपली तब्येत सुधारली असे वाटू लागते. परतताना तोच वारा छातीवर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. स्थिर हवेत ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्याला समोरून १५ चा वारा लागला, की तोच वेग राखताना हवा सुमारे तिप्पट जोराने मागे ढकलते. त्यामुळे उरुळी कांचन ते हडपसर या पट्ट्यात गटातली मैत्री विरळ होते. पुढे राहून वारा अंगावर घ्यायची पाळी कोणाची, यावरून जुने संबंध तुटलेले आहेत.

लांब पल्ल्याचे वेगळे शास्त्र आहे. ब्रेव्हे नावाच्या प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असतात. शर्यत नसते, नंबर नसतो. ठरलेल्या ठिकाणी पोचल्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो. त्यासाठी रात्री दोन वाजता कुठल्याशा गावच्या एटीएममधून शंभर रुपये काढून त्याची पावती खिशात घालणारी माणसे या भागात आढळतात. त्या एटीएमचा पहारेकरी हेल्मेट घातलेल्या, डोळे तारवटलेल्या, लंगडत येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ज्या नजरेने पाहतो, तिचा अभ्यास अजून झालेला नाही.

सर्व मार्गांना लागू असलेली बाब म्हणजे पंक्चर. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांतल्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात. नखाएवढीही नसलेली अशी तार चाकात शिरली, की सायकलस्वाराची गाठ त्या रस्त्याच्या खऱ्या मालकाशी पडते. बांबूला जुना टायर टांगलेला, पत्र्याची टपरी, बाहेर पाण्याचे घमेले. मालक टायरच्या आतून बोट फिरवतो आणि जी तार शोधायला शहरात दोन चष्मे लागले असते, ती अर्ध्या मिनिटात चिमटीत धरून दाखवतो. ट्यूब पाण्यात बुडवणे, बुडबुडा धरणे, कानस मारणे, सोल्युशन, ठिगळ, दोन ठोके. इथवर सगळे सुरळीत होते. मग तो कॉम्प्रेसरची नळी आणतो आणि व्हॉल्व्हकडे पाहून थांबतो. ट्रकचा त्याला माहीत आहे, मोटारसायकलचा माहीत आहे, जुन्या सायकलीची व्हॉलट्यूब तर त्याने लहानपणी दातांनी ओढून बसवली आहे. पण टोकाला इवलीशी चकती असलेला हा काडीसारखा व्हॉल्व्ह त्याच्या नळीत बसत नाही. यावर बसवायची पितळेची एक छोटी टोपी मिळते. ती अगदी स्वस्त असते, प्रत्येक सायकलस्वाराने विकत घेतलेली असते आणि प्रत्येकाच्या घरी ड्रॉवरमध्ये सुरक्षित असते.

"केवढ्याची सायकल?" असे तो विचारतो. प्रथेप्रमाणे याचे उत्तर निम्म्या किमतीने द्यायचे असते. हीच निम्मी किंमत घरीही सांगितलेली असल्यामुळे लक्षात ठेवायला सोपी जाते. तरीही ऐकणारा शेजारच्याला हाक मारून आकडा सांगतो आणि तेवढ्यात जुनी बुलेट आली असती असे दोघांचे एकमत होते. मग पुढचा संवाद ठरलेला असतो.

"कुठनं आलात?"

"पुण्यातनं."

"गाडी नाही?"

"आहे ना."

"मग?"

या "मग?"ला आरोग्य, पर्यावरण, पेट्रोलचे भाव अशी उत्तरे देऊन पाहिली जातात. ती पटत नाहीत, कारण विचारणाऱ्याचे वडील किटल्या लावून रोज याच रस्त्याने जात होते आणि ते थांबवता यावे म्हणूनच घरात मोटारसायकल आणली होती. शेवटी तो चहा सांगतो आणि पैसे घेत नाही.

गावातली कुत्री याहून सरळ असतात. फिरणारे पाय दिसले की ती धावतात; सायकलवरून उतरून शांतपणे चालू लागले की बहुतेकांचा उत्साह मावळतो. जोरात पळवून सुटका होते अशी समजूत आहे, पण चढावर ती कामाची नाही.

परतीचा मार्ग नकाशावर जाण्याच्या मार्गाइतकाच लांब असतो. घरी दहाला येतो असे सांगितलेले असते, साडेअकरा झालेले असतात, आणि स्वारगेट किंवा हडपसरच्या सिग्नलला रिक्षा, बस आणि लग्नाची वरात यांच्या मधोमध सायकल उभी असते. मोबाइलमधल्या नोंदीत किलोमीटर ७८.६ भरले असतील, तर आकडा ८० करण्यासाठी काही जण सोसायटीला चकरा मारतात. वॉचमनला याची सवय झालेली असते. सायकल जिन्याने वर नेऊन गॅलरीत ठेवावी लागते, कारण खालच्या पार्किंगमध्ये तिचे सीट दुसऱ्या दिवशी राहत नाही.

धुळीच्या रस्त्याने आल्यावर चेन त्याच दिवशी साफ करावी. पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवशी ती गंजलेलीच मिळते. रॉकेल किंवा डिझेल वाटीत घेऊन, जुन्या टूथब्रशने कडीकडीत घासावे, फडक्याने कोरडी करावी आणि थेंब थेंब तेल सोडावे. वाटी स्वयंपाकघरातली नसावी. ब्रश झाल्यावर बेसिनवर ठेवू नये.